बुधवारची मटकी

“त्रेचाळीस?” कस्तुरामावशींचा परातीतला हात थांबला. “कितीपैकी?”

“दीडशे.”

“अगं बाई!” त्या म्हणाल्या आणि पुन्हा भाकरी थापायला लागल्या. ती तव्यावर टाकून, वर पाणी फिरवून झाल्यावर त्यांनी विचारलं, “म्हणजे नापास का रे उत्रेश?”

“यात पास-नापास नसतं मावशी. पण त्रेचाळिसावर कुठलंही लॉ कॉलेज आपल्याला दारात उभं करत नाही.”

“मग नापासच की. उगं नाव कशाला बदलतोस?”

मी, उत्तरेश्वर मुळे, त्या वेळी चौतीस वर्षांचा होतो आणि नागणे वकिलांकडे अकरा वर्षं कारकून होतो. तारखा लिहायच्या, नकला काढायच्या, अर्ज दाखल करायचे, साहेब दुसऱ्या कोर्टात असले की जज्जसाहेबांच्या शिपायाला गाठून पुकारा जरा लांबवायचा, हे माझं काम. ते मला उत्तम यायचं. इतकं उत्तम, की हे लोक काळा कोट घालून जे करतात ते आपण का करू नये, असं एक दिवस डोक्यात शिरलं. बहिःस्थ बी.ए. झालेलं होतंच. तीन वर्षांच्या वकिलीच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला आणि गाढवासारखा साऱ्या कोर्टाला सांगून बसलो. निकाल लागला तसा बाररूममध्ये पाय ठेवायची सोय उरली नाही. “काय मुळे, सनद फ्रेम करायला टाकली का?” असं एकानं विचारायचं आणि दहा जणांनी चहा सांडेपर्यंत हसायचं.

शैला, माझी बायको, हसली नाही. ती म्हणाली, “आणखी एकदा बसा. पण एकदाच. दरवर्षी तोंड पाडून बसलेला माणूस मला घरात बघवणार नाही.”

घरात दोन खोल्या, दोन लेकरं. अभ्यास कुठं करायचा? ते मावशींनीच ठरवून टाकलं. त्यांची खानावळ कोर्टाच्या मागच्या फाटकासमोर. दुपारी तीनला शेवटची पंगत उठली की पाचपर्यंत तिथं कुणी नसायचं. “कोपऱ्यातल्या टेबलावर बस. पंखा आहे, पाणी आहे, आणि मी आहे,” त्या म्हणाल्या. साहेबांनीही दुपारची कामं उरकून जायला परवानगी दिली.

ती खानावळ म्हणजे आमच्या कोर्टाचं पोट होतं. वकील, पक्षकार, बेलिफ, पोलीस, सगळे तिथंच. जज्जसाहेबांचा डबासुद्धा तिथूनच जायचा. मावशींच्या पदरी कुणी नव्हतं. नवरा गेल्यावर एकटीनं पंचवीस वर्षं चूल पेटती ठेवली होती. आणि त्यांचा एक नेम होता: वाराला भाजी ठरलेली. सोमवारी पिठलं, मंगळवारी वांगं, बुधवारी मटकी. आमच्याकडचे काही म्हातारे वकील तर ताटाकडे बघून वार ओळखायचे.

वर्षभर मी तिथं बसलो. मावशी चौथी शिकलेल्या. चष्मा लावून, पुस्तक लांब धरून, पोथी वाचल्यासारखे प्रश्न वाचायच्या. “अ हा ब चा भाऊ आहे. ब ही क ची आई आहे. तर अ हा क चा कोण?”

“मामा.”

“बरोबर. एवढं सोप्पं विचारतात आणि तुला त्रेचाळीस?”

“मावशी, पुढचा वाचा.”

चुकलो की रिकाम्या वाटीवर पळी वाजवायच्या. सराव परीक्षेत मला नव्वद पडले त्या दिवशी त्यांनी शेंगाच्या पोळ्या केल्या. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट आणि गूळ भरून, वर बोटं निथळतील इतकं तूप. “परीक्षेच्या दिवशी बरोबर देईन,” म्हणाल्या. “रिकाम्या पोटी डोकं चालत नाही.”

माझी एक खोड त्यांना फार गमतीची वाटायची. आकडा असो, तारीख असो, तिच्यावर बोट ठेवल्याशिवाय मला ती वाचता येत नाही. कारकुनी अंगात भिनलेली. “बालवाडीतलं पोर बरं,” त्या चिडवायच्या.

परीक्षेला महिना-दीड महिना उरला असताना मावशींच्या स्वतःच्या दाव्याचा निकाल लागला. खानावळीची जागा भाड्याची. मालकाला ती पाडून दुकानांचे गाळे काढायचे होते. तो जिंकला. मावशींनी जागा खाली करून द्यावी असा हुकूम झाला. आमचे साहेबच मावशींचे वकील.

“घाबरायचं काही कारण नाही,” साहेब म्हणाले. “वर अपील करू. अपील मुदतीत दाखल झालं की लगेच स्थगिती मागू. अपिलात आपली बाजू भक्कम आहे.”

मावशींनी माझ्याकडे बोट केलं. “मुदत-बिदत हा बघतोय ना? मग मला कसली काळजी?”

आता ही मुदत कशी मोजतात ते सांगायला हवं, नाहीतर माझं पाप कळायचं नाही. अपिलाला तीस दिवस मिळतात. निकालाची नक्कल तयार व्हायला कोर्टाला जितके दिवस लागतात, तितके त्यात वाढवून मिळतात. पण नक्कल तयार होऊन पडली आणि तुम्ही ती उचलायला उशिरा गेलात, तर ते दिवस मिळत नाहीत. नकलेच्या मागं शिक्का असतो, त्यात तयार झाल्याची तारीख वेगळी आणि हाती दिल्याची वेगळी. मोजायची ती पहिली. ही गोष्ट मी नव्या पोरांना ओरडून ओरडून शिकवलेली.

ती नक्कल तयार झाली तेव्हा मी सोलापुरात सराव परीक्षा देत होतो. तीन दिवसांनी जाऊन उचलली. आणि मुदत मोजली ती उचलली त्या दिवसापासून. डोक्यात मामा, भाचा, घटनेची कलमं आणि इंग्रजीचे शब्द. शिक्का नीट बघितलाच नाही.

सोमवारी साहेबांनी अपिलावर सही केली आणि चार दिवसांसाठी मुंबईला हायकोर्टात निघाले. “मुदत कधी संपते रे?”

“शनिवारी, साहेब.”

अकरा वर्षांत त्यांनी माझं मोजणं कधी तपासलं नव्हतं. तेव्हाही नाही.

माझी परीक्षा बुधवारी दुपारी दोनला, सोलापुरात. अपील मंगळवारी दाखल करता आलं असतं. पण मंगळवारी मी शेवटचा सराव पेपर सोडवत बसलो. म्हटलं, गुरुवारी करू, शनिवारपर्यंत वेळ आहे. महत्त्वाचे कागद ऑफिसात ठेवायचे नाहीत ही माझी शिस्त, म्हणून ते माझ्या पिशवीतच होते.

बुधवारी सकाळी आठच्या एसटीला मावशी स्टँडवर आल्या. त्या वेळी त्यांच्या चुलीवर दोन पातेली चढलेली असायची, तरी आल्या. शेंगाच्या पोळ्यांचा पुडा खिडकीतून हातात दिला.

“गरम आहेत. आणि हे बघ, घाई करायची नाही. प्रश्न दोनदा वाच. मामा विचारला तर काका लिहून येशील.”

“मावशी, आता जा. मटकी करपेल.”

“करपू दे की, वर्षातनं एक दिवस!” त्या हसल्या. गाडी हलली तरी हात हलवत उभ्या होत्या.

गाडीत मी पोळ्या खाल्ल्या. दुपारी पेपर दिला. पेपर चांगला गेला, चांगला म्हणजे फारच चांगला. निष्काळजीपणामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर जबाबदार कोण, असा एक प्रश्न होता. तोही बरोबर आला. दिवस मावळायच्या आत घरी परतलो.

गुरुवारी सकाळी अपील घेऊन कोर्टात गेलो. दाखल करून घेणारे क्षीरसागर नकलेचा शिक्का बघत राहिले. “मुळे, काल शेवटचा दिवस होता.”

“काल? शनिवार आहे हो.”

त्यांनी नक्कल माझ्यापुढं सरकवली. मी शिक्क्यावर बोट ठेवलं. “माझं मोजायला चुकलं,” मी म्हणालो. त्यांनी पाणी दिलं. मी किती पांढरा पडलो होतो ते त्यांनी पुढं कितीतरी दिवस लोकांना सांगितलं.

साहेब दुसऱ्या दिवशी मुंबईहून आले. मला वाटलं, थोबाडीत मारतील. त्यांनी फक्त खुर्ची ओढली. “दोन दिवसांचा उशीर. उशीर माफ करण्याचा अर्ज लावू. कारण लागेल.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “कारकुनानं चूक केली असं लिहिलं तर तुझं नाव रेकॉर्डवर येईल. उद्या याच कोर्टात कोट घालून उभं राहायचंय तुला. आणि मलाही बाररूममध्ये तोंड दाखवायचंय. पक्षकार आजारी होती असं लिहू. सगळे तेच लिहितात. दोन दिवसांसाठी कोण एवढं खोदत बसतं?”

मावशींना बोलावलं. साहेबांनी सगळं समजावून सांगितलं. मी प्रतिज्ञापत्र, अपील, नक्कल, असा गठ्ठा त्यांच्यापुढं ठेवला आणि मान खाली घालून उभा राहिलो.

“मी कधी आजारी होते?” मावशी म्हणाल्या.

“नव्हता. पण लिहावं लागेल. नाहीतर याचं नाव लिहावं लागेल.”

मावशींनी चष्मा लावला. एकेक कागद उलटून बघितला. बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

“पेपर कसा गेला रे?” त्यांनी विचारलं.

“चांगला.”

“मग लिहा, आजारी होते,” त्या साहेबांना म्हणाल्या. “पोराचं नाव नको.” आणि सही केली. क, स्तु, रा, एकेक अक्षर सुटं काढून.

आता आमच्या शहाणपणाची कमाल ऐका. दोन मुरलेली माणसं, एक वकील आणि एक कारकून, आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही की त्या बुधवारी अख्खं कोर्ट तिच्याच खानावळीत जेवलं होतं!

अर्ज सुनावणीला आला. मालकाचे वकील ढगे. खानावळीत रोज बोटं चाटत जेवणारा माणूस. मावशी त्यांना आग्रहानं वाढायच्या. मावशी पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. ढगे उठले, आवाज अगदी गोड.

“मावशी, जास्त काही विचारत नाही. त्या दिवशी भाजी कुठली होती हो?”

“कुठल्या दिवशी?”

“अहो तेच, बुधवारी.”

“बुधवारी मटकी,” मावशी म्हणाल्या. “बुधवारी मटकीच असते.”

“कुणी केली होती?”

“मीच. आणखी कोण करणार?”

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. मावशींना आधी कळलंच नाही. त्याही थोड्या हसल्या, पंगतीत चेष्टा झाली की हसायच्या तशा. मग त्यांनी साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा हात पिंजऱ्याच्या लाकडावर घट्ट झाला.

“त्या दिवशी मी स्वतः यांच्या हातची मटकी खाल्ली आहे, साहेब,” ढगे जज्जसाहेबांना म्हणाले. “झणझणीत होती. अंथरुणाला खिळलेल्या बाईला एवढं जमत नसावं.”

जज्जसाहेब हसले नाहीत. त्यांचाही डबा त्याच बुधवारचा. त्यांनी मावशींना विचारलं, “बाई, मग तुम्ही शपथेवर खोटं का सांगितलं?”

तेव्हा मी उठायला हवं होतं. चार पावलं टाकून म्हणायला हवं होतं, साहेब, या आजारी नव्हत्या, चूक माझी आहे. दोन वाक्यं. मी बाकाची कड धरून बसलो होतो. मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या, मुद्दाम बघत नव्हत्या.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या.

अर्ज फेटाळला. अर्जदारानं शपथेवर खोटं सांगितलं, अशा अर्जदारावर दया दाखवता येत नाही, असं हुकमात आलं. त्या हुकमाची नक्कल मीच काढली, वेळेवर. साहेब म्हणाले, वर जाऊ. मावशींनी हात जोडले. “पुरे झालं साहेब. पंचवीस वर्षं या लोकांना वाढलं, एकानं कधी मीठ कमी म्हटलं नाही. आता खोटारडी म्हणून बघतात. आणखी कुठं नेऊन उभी करू नका मला.”

ताबा घ्यायला बेलिफ आला तोही तिथंच जेवणारा. मावशींनी त्याला आधी जेवायला घातलं, मग भांडी बाहेर काढू दिली. मी टेम्पोत पातेली चढवायला गेलो होतो. माझा निकाल त्याच आठवड्यात लागलेला: दीडशेपैकी सत्त्याण्णव. मला सांगायचा धीर नव्हता, पण त्यांना कळलं होतं.

“सत्त्याण्णव ना?” टेम्पोत चढता चढता त्यांनी विचारलं.

“हो.”

“चांगले आहेत.” एवढंच म्हणाल्या. त्या कुर्डुवाडीला भाच्याकडे गेल्या.

मी वकील झालो. बाररूममध्ये माझी खुर्ची आहे. मुदतीच्या बाबतीत मुळे वकिलांचा हात कुणी धरत नाही, असं लोक म्हणतात, आणि ते ऐकलं की मी विषय बदलतो. बारा वर्षांत मी मावशींना दिवाळीला फोन केले, लुगडं पाठवलं, कुर्डुवाडीला मात्र गेलो नाही. गेल्या वर्षी एका ज्युनिअरनं मुदत चुकवली आणि माझ्यासमोर येऊन सरळ म्हणाला, “सर, माझी चूक आहे, माझं नाव लिहा.” पंचवीस वर्षांचं पोरगं! त्या दिवशी मला दुपारचं जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी कुर्डुवाडीची गाडी धरली.

मावशी ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. पाठीत वाकल्या होत्या, पण आवाज तोच. “ये, वकीलसाहेब. अंगावर मांस धरलंस की.” पाणी झालं, चहा झाला, शैलाची चौकशी झाली. मग मी कप खाली ठेवला.

“मावशी, एक सांगायचंय. तुमची मुदत मोजायला मी चुकलो, हे खरं. पण ते मला गुरुवारी कोर्टात कळलं नव्हतं. बुधवारी सकाळीच कळलं होतं. गाडीत.”

त्यांचे हात थांबले नाहीत. शेंग फुटायची, दाणे सुपात पडायचे.

“गाडी वैरागला थांबली होती. तुमचा पुडा सोडला तर तूप गळत होतं, म्हणून कागद बाहेर काढले. नक्कल उलटी हातात आली आणि शिक्का दिसला. आजच शेवटचा दिवस. सकाळचे नऊ वाजले होते मावशी. उतरून परतीची गाडी धरली असती तर कोर्ट उघडायच्या आत पोचलो असतो.”

“आणि परीक्षा गेली असती.”

“नसती गेली. तेच तर सांगायला आलोय. परतीची गाडी शेजारीच उभी होती. तिच्या कंडक्टरला मी ओळखत होतो. त्याच्या हाती कागद दिले असते, क्षीरसागरांना नाहीतर कुठल्याही कारकुनाला एक फोन केला असता, तरी अपील दाखल झालं असतं आणि मी दोनला सोलापुरातही असतो. पण फोन करायचा म्हणजे मुळे मोजायला चुकला, हे सांगावं लागलं असतं. आधीच त्रेचाळीसवाला म्हणून हसत होते. मी कागद परत पिशवीत घातले. आणि तुमची पोळी खाल्ली.”

“माहितीय,” मावशी म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसावं.

“सहीला गठ्ठा पुढं ठेवलास ना, त्यात ती नक्कल होती. मागच्या शिक्क्यावर, बरोबर तारखेवर, तुझं बोट उमटलं होतं. तुपकट. तूप माझंच, मी ओळखणार नाही? आणि बोट ठेवल्याशिवाय तुला तारीख कुठं वाचता येते?”

“तेव्हाच कळलं होतं? तरी सही केलीत?”

“वाटलं, हा आत्ता बोलेल. म्हणून तर पेपरचं विचारलं. नाही बोललास. मग वाटलं, कोर्टात उठेल. नाही उठलास. टेम्पोपाशी वाटलं. मग म्हटलं, दिवाळीला येईल.” त्यांनी टरफलं एका बाजूला केली. “खानावळीचं मी कधीच सोडून दिलं. पण मी खोटारडी नव्हते रे उत्रेश.”

मी त्यांचे पाय धरले. “फार उशीर केला मावशी. माफ करा मला.”

त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. सुपातला एक कुजका दाणा वेचून फेकला.

“उशीर माफ करायचा म्हणजे अर्ज लागतो ना तुमच्यात?” त्या म्हणाल्या. “मग कारण काय लिहायचं या वेळी? मीच आजारी होते?”